माशातली ‘अँटिऑक्सिडंट’ पेप्टाइड: पोटात सुटतात, पण पुढे काय होते?

‘मरीन कोलॅजन’, ‘फिश पेप्टाइड’ आणि ‘अँटिऑक्सिडंट’ हे तीन शब्द हल्ली एकाच डब्यावर एकत्र दिसतात. हा डबा औषधाच्या दुकानात असतो, जिमच्या काउंटरवर असतो आणि मोबाइलवर एकदा चुकून उघडला की आठवडाभर जाहिरातींमधून पाठ सोडत नाही. आतली पूड बहुतेक वेळा माशाच्या खवल्यांपासून किंवा कातडीपासून केलेली असते. म्हणजे मासळी बाजारात मासे साफ करून देणारी मावशी जे पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकते, त्यापासून. बादलीतून डब्यात येईपर्यंत त्याची किंमत सुरमईलाही लाजवेल इतकी होते.

या डब्यामागचे विज्ञान थापा नाही. मासा पचताना त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात आणि त्यातले काही तुकडे प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट म्हणून चांगले काम करतात, हे जगभरातल्या अनेक प्रयोगशाळांनी दाखवले आहे. अडचण पुढे सुरू होते. परीक्षानळीत जे दिसले तेच शरीरात घडते, असे गृहीत धरून जाहिरात लिहिली जाते. परीक्षानळी आणि शरीर यांच्यातले अंतर किती मोठे आहे, ते समजून घेतल्याशिवाय या डब्यावर पैसे घालवणे शहाणपणाचे नाही.

पेप्टाइड येतात कुठून?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. माशाच्या मांसात मायोसिन आणि ॲक्टिन ही स्नायूंची प्रथिने मुख्य. कातडी, खवले आणि काट्यांत कोलॅजन जास्त. शंभर ग्रॅम बांगड्यात साधारण १८ ते २१ ग्रॅम प्रथिने असतात. हा घास पोटात गेला की जठरातले आम्ल त्या साखळीची घडी उलगडते आणि पेप्सिन नावाचे विकर तिचे तुकडे पाडू लागते. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेली ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही विकरे त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करतात. दोनपासून वीसएक अमिनो आम्लांपर्यंतचे हे तुकडे म्हणजे पेप्टाइड.

अखंड साखळीत हे तुकडे काहीच करत नसतात. कापले गेले की मात्र आत दडलेली अमिनो आम्ले उघडी पडतात. त्यातली टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, सिस्टीन, मेथिओनिन आणि हिस्टिडिन ही मुक्त मूलकांना, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी तुटलेल्या आणि म्हणून दिसेल त्याच्याशी भांडण उकरून काढणाऱ्या रेणूंना, इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन शांत करू शकतात. हिस्टिडिन तर लोह आणि तांब्याच्या आयनांनाही पकडून ठेवते. हे धातू मोकळे राहिले तर नवी मुक्त मूलके तयार व्हायला मदत करतात.

काही पेप्टाइड पचनाची वाटही पाहत नाहीत, ती माशाच्या स्नायूत आयतीच असतात. कार्नोसिन आणि अँसरिन ही त्यातली दोन. अँसरिन पहिल्यांदा हंसवर्गातल्या पक्ष्याच्या मांसात सापडले, म्हणून लॅटिनमधल्या ‘अँसर’ या शब्दावरून हे नाव पडले. कुपा (ट्यूना) आणि सामन या सतत पोहत राहणाऱ्या माशांत ते भरपूर असते.

जांभळा रंग फिका पडला, म्हणजे काय सिद्ध झाले?

संशोधक हे तपासतात कसे? आधी काचेच्या भांड्यात पचन घडवले जाते. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेची यासाठी आपापली कृती होती. आम्ल किती, विकर किती, वेळ किती, कशाचाच मेळ नव्हता. २०१४ मध्ये ‘इन्फोजेस्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाने एक सामायिक पद्धत ठरवली आणि २०१९ मध्ये ती सुधारली. ३७ अंश सेल्सिअस तापमान, तोंडाच्या टप्प्याला दोन मिनिटे, मग सामू ३ ठेवून पेप्सिनसोबत दोन तास, मग सामू ७ करून स्वादुपिंडाची विकरे आणि पित्तक्षारांसोबत आणखी दोन तास. जठर, आतडे, सगळे एका भांड्यात. पद्धत उत्तम आहे, कारण आता दोन प्रयोगशाळांचे निकाल शेजारी ठेवता येतात. पण त्या भांड्याला आतड्याची भिंत नसते, यकृत नसते आणि रक्तही नसते.

या पचलेल्या रसावर मग अँटिऑक्सिडंट चाचणी होते. सगळ्यात लोकप्रिय चाचणी डीपीपीएचची. हे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले गडद जांभळे मुक्त मूलक. त्यात नमुना टाकायचा. जांभळा रंग जितका पिवळट पडेल तितकी अँटिऑक्सिडंट शक्ती जास्त. चाचणी स्वस्त आहे, पटकन होते आणि पदवीच्या प्रयोगशाळेतही जमते. म्हणूनच ‘अमुक माशात अँटिऑक्सिडंट गुणधर्म’ अशा मथळ्यांचे पीक येते. फक्त एक गोष्ट विसरली जाते. डीपीपीएच हे मूलक माणसाच्या शरीरात नसतेच. चाचणीतून कळते ते एवढेच, की हा पदार्थ एका कृत्रिम रसायनाला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊ शकतो.

असल्या आकड्यांचा मोह फक्त छोट्या कंपन्यांना पडतो असेही नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी ‘ओआरएसी’ नावाच्या चाचणीनुसार शेकडो खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट शक्तीची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. कंपन्या तिचा हवाला देऊन माल खपवू लागल्या. अखेर २०१२ मध्ये खात्याने ती यादीच काढून टाकली. परीक्षानळीतल्या या आकड्यांचा माणसाच्या आरोग्यावरील परिणामांशी संबंध लावता येत नाही, असे कारण दिले. यादी गेली, पण पाकिटांवरची भाषा राहिली.

रक्तापर्यंतचा रस्ता

समजा पोटात उत्तम पेप्टाइड सुटले. पुढे काय? लहान आतड्याच्या आतल्या पेशींवर ब्रशच्या केसांसारखी बारीक लव असते आणि त्या लवेवरच पेप्टाइड कापणारी आणखी विकरे बसलेली असतात. बहुतेक तुकडे तिथेच सुटी अमिनो आम्ले होऊन जातात. दोन किंवा तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडसाठी मात्र पेशीच्या आवरणात ‘पेप्ट-१’ नावाचा खास वाहक असतो, तो त्यांना आत घेतो. आत गेल्यावर पेशीतली विकरे पुन्हा कात्री चालवतात. यातून वाचून रक्तात पोहोचणारा वाटा अगदी थोडा असतो.

इथे साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. शोधनिबंधांत पेप्टाइडचा प्रभाव अनेकदा मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास दिसतो. प्रौढ माणसाच्या अंगात रक्तद्रव साधारण तीन लिटर. त्यात हेच प्रमाण गाठायचे तर एकच विशिष्ट पेप्टाइड तीन ग्रॅम, न तुटता आणि एकाच वेळी, रक्तात हजर हवे. एका अख्ख्या बांगड्यातून मिळणारी वीसेक ग्रॅम प्रथिने शेकडो वेगवेगळ्या तुकड्यांत फुटतात आणि त्यातले बहुतेक वाटेतच संपतात. तीन ग्रॅम ही गोष्ट शक्यच नाही.

कार्नोसिनची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. माणसाच्या रक्तात कार्नोसिनेज नावाचे विकर असते आणि ते कार्नोसिनला काही वेळातच तोडून टाकते. उंदरांच्या रक्तात हे विकर नसते. त्यामुळे उंदरांवर झकास दिसलेला परिणाम माणसावर तसाच दिसेल, असे धरून चालता येत नाही. अँसरिन थोडे जास्त तग धरते, इतकेच.

कोलॅजनच्या बाजूने एक मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हवा. जिलेटिनची पूड प्यायल्यावर प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची जोडी माणसाच्या रक्तात अखंड सापडते, हे २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. ही जोडी पचायला चिवट आहे. त्वचेच्या पेशींवर तिचा काही परिणाम होतो का, यावर काम सुरू आहे आणि ते व्हायलाही हवे. पण तो परिणाम मुक्त मूलके टिपण्याचा नाही. उलट, वर दिलेली अँटिऑक्सिडंट अमिनो आम्लांची यादी पुन्हा पाहिली तर कोलॅजनचा डबा अवघडल्यासारखा वाटेल. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन मुळीच नसते, टायरोसिन आणि हिस्टिडिन नावापुरते असते. ट्रिप्टोफॅन हे शरीराला अन्नातूनच घ्यावे लागते, त्यामुळे प्रथिनाचा दर्जा मोजण्याच्या रूढ पद्धतीत कोलॅजनला शून्य गुण मिळतात. बाजारातल्या साध्या तारलीचे प्रथिन परिपूर्ण असते. म्हणजे ज्या गुणासाठी पूड घेतली जाते, तो गुण देणारी अमिनो आम्ले तारलीच्या मांसात आहेत, खवल्यांच्या पुडीत जवळपास नाहीत.

शरीराचा स्वतःचा बंदोबस्त

रक्ताची एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता मोजली तर तिच्यातला मोठा वाटा युरिक ॲसिडचा निघतो. होय, वाढले की पायाचा अंगठा सुजवणारे तेच. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातील संशोधकांनी सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची ही क्षमता का वाढते ते तपासले. श्रेय सफरचंदातल्या रंगद्रव्यांचे नव्हते. फळातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढले होते. तारली, बांगडा हे प्युरिनयुक्त मासे, त्यांच्यामुळेही युरिक ॲसिड वाढते. तेव्हा ‘हा मासा खाल्ल्यावर रक्तातील अँटिऑक्सिडंट क्षमता वाढली’ असा निष्कर्ष वाचला की आधी युरिक ॲसिड मोजले होते का, हे विचारायला हवे. गाउटच्या रुग्णाला त्या वाढीचे अभिनंदन कोणी करणार नाही.

शिवाय अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, हे गृहीतकच एकदा फार महागात पडले आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, तर १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले कामगार यांच्यावरची अशीच चाचणी जानेवारी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तिथे वाढ २८ टक्के होती. माशाची पेप्टाइड म्हणजे बीटा-कॅरोटीन नव्हे आणि त्यांच्यापासून असा धोका असल्याचे कोणी म्हटलेले नाही. पण परीक्षानळीतून थेट गोळीकडे उडी मारली की काय होऊ शकते, याची ही दोन उदाहरणे प्रत्येक पूरक आहार कंपनीच्या भिंतीवर लावायला हरकत नाही.

जपानने विचारलेला प्रश्न

मासा आणि पेप्टाइड या विषयात जपान बराच पुढे आहे. तिथे १९९१ पासून आरोग्यविषयक दावा करणाऱ्या खाद्यपदार्थांसाठी सरकारी मान्यतेची वेगळी व्यवस्था आहे. कात्सुओबुशी, म्हणजे पाण्यात शिजवून, धुरी देऊन लाकडासारखा कडक सुकवलेला बोनिटो मासा. त्याच्यापासून मिळवलेले पेप्टाइड आणि सार्डिनमधले व्हॅलिन-टायरोसिन हे जोडपे तिथे रक्तदाब जरासा जास्त असणाऱ्यांसाठीच्या पदार्थांत वापरले जाते. इथे लक्षात घेण्याची बाब म्हणजे, दावा रक्तदाबाचा आहे, अँटिऑक्सिडंटचा नाही. रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजता येतो. पेप्टाइड घेणारे आणि न घेणारे यांची तुलना करता येते. ‘ऑक्सिडेटिव्ह ताण कमी होतो’ हे वाक्य असे कोणत्या पट्ट्याने मोजणार?

युरोप त्याहून कडक. बोनिटोच्या पेप्टाइडने रक्तदाब सामान्य राहतो, या दाव्यावर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असा निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षी सार्डिन पेप्टाइडला नवे खाद्यघटक म्हणून युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. यात विसंगती नाही. विकायला परवानगी म्हणजे पदार्थ सुरक्षित आहे. तो गुणकारी आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. आपल्याकडे ग्राहक नेमका या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि जाहिरातदार ती दूर करायच्या भानगडीत पडत नाही.

मग उपयोग कुठेच नाही का?

आहे, बहुधा पोटातच. इस्रायली संशोधकांनी २००१ मध्ये जठराला ‘बायोरिॲक्टर’ म्हटले होते. आम्ल, विरघळलेला ऑक्सिजन, मांसातले लोह आणि तेल एकत्र आले की जठरातच तेलाचे ऑक्सिडेशन सुरू होते आणि त्यातून घातक संयुगे बनतात. बांगडा, तारलीसारख्या तेलकट माशांतली ओमेगा-३ आम्ले तर या बाबतीत फारच नाजूक. पेप्टाइडचे प्रमाण रक्तात नगण्य असले तरी जेवणानंतर जठर आणि आतड्यात ते खरोखर मिलिलिटरला काही मिलिग्रॅम असते. म्हणजे परीक्षानळीतले आकडे लागू पडण्याची शक्यता असेल तर ती इथे. माशाची प्रथिने माशाच्याच तेलाची राखण करत असतील, तर तो फायदा अख्खा मासा खाणाऱ्याला मिळतो. प्रथिन एका डब्यात आणि तेल दुसऱ्या कॅप्सूलमध्ये घेणाऱ्याला तो मिळेल का, हे सांगणे कठीण. संशोधनाचा पैसा या प्रश्नाकडे वळायला हवा. डीपीपीएचवर आणखी एक मासा तपासून कोणाचे भले होणार आहे?

पचन नीट होणे मात्र यातली पहिली अट. पेप्सिनला कडक आम्ल लागते, जठराचा सामू चार-पाचच्या वर गेला की ते जवळपास थंडावते. पित्त, ॲसिडिटी म्हणून महिनोन् महिने स्वतःच्या मनाने आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे घरोघरी आहेत. व्हिएन्नातील संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांवर दाखवले, की आम्ल दाबले की माशातली प्रथिने न तुटता पुढे सरकतात आणि त्यांच्याविरुद्ध ॲलर्जी तयार होऊ शकते. उंदरांबद्दलची सावधगिरी इथेही बाळगायला हवी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करणे तर अजिबात योग्य नाही. दुकानातून स्वतःच आणून चालू ठेवलेल्या गोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?

पेप्टाइडपेक्षा बर्फ महत्त्वाचा

या सगळ्या चर्चेत हिस्टिडिनची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. बांगडा, कुपा, तारली यांच्या मांसात सुटे हिस्टिडिन भरपूर असते. मासा पकडल्यावर उन्हात, बर्फाविना पडून राहिला की जिवाणू याच हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. असा मासा खाल्ला की काही मिनिटांत किंवा दोन-तीन तासांत तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके ठणकते. लोक म्हणतात, माशाची ॲलर्जी झाली. अनेकदा ती ॲलर्जी नसते, विषबाधा असते. एकदा तयार झालेले हिस्टामिन तळून, उकळून किंवा सुकवूनही जात नाही. आमसूल घाला, तिरफळ घाला, त्याला फरक पडत नाही. उपाय एकच, होडीपासून घरापर्यंत मासा सतत बर्फात ठेवणे. ज्या अमिनो आम्लाचे गोडवे डब्यावर गायले जातात, त्याचे विष होऊ नये म्हणून बंदरावर वेळेवर बर्फ मिळणे ही सार्वजनिक आरोग्याची बाब आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही.

डब्यावर काय वाचायचे?

‘एफएसएसएआय’च्या २०१८ च्या जाहिरात आणि दावेविषयक नियमांनुसार आरोग्याचा दावा करायचा तर शास्त्रीय आधार लागतो आणि रोग बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थाला करताच येत नाही. अशा पूरक पदार्थांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. मासा हा ॲलर्जी आणणारा घटक असल्याने त्याचाही उल्लेख बंधनकारक आहे. ज्यांना माशाची खरी ॲलर्जी आहे, त्यांनी ‘मरीन’ हा गोंडस शब्द ‘मासा’ असा वाचावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीरयष्टीसाठी प्रथिनांच्या पुडी टाळायला सांगितले आहे.

नियम आहेत, पण ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द त्यांच्या फटीतून सहज निसटतो, कारण तो कोणत्याच रोगाचे नाव घेत नाही. ही फट बुजवणे अवघड नाही. हा शब्द छापायचा असेल तर चाचणी माणसांवर झाली की परीक्षानळीत, आणि रोज किती ग्रॅम घेतल्यावर काय मोजले गेले, हे त्याच आकाराच्या अक्षरांत छापायची सक्ती करावी. बहुतेक डब्यांवरून तो शब्द दुसऱ्या दिवशी गायब होईल.

याचा अर्थ खवले, कातडी, काटे फेकूनच द्यावेत असा नाही. रत्नागिरीसारख्या ठिकाणी, जिथे मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत, तिथे मांस काढून घेतल्यावर उरणारा माल मोठा असतो. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने खवल्यांपासून कोलॅजन पेप्टाइड काढण्यावर काम केले आहे. त्यातून जिलेटिन, पशुखाद्य, खत होऊ शकते आणि किनाऱ्यावरच्या सहकारी संस्थांना त्यात कमाईही आहे. फक्त तो माल जिलेटिन म्हणून, खत म्हणून विकावा. तारुण्य म्हणून विकायला निघाले, की बादलीतल्या खवल्यांचा भाव मावशीला कळतच नाही.